उसना कान: गिटारच्या खासगी शिकवणीविषयी

गिटार विकत घेणे आता सोपे झाले आहे आणि शिकायला सुरुवात करणे त्याहून सोपे. वाद्य घरपोच येते, तारा लावायला मोबाइलमध्ये ट्यूनर असतो, हव्या त्या गाण्याच्या कॉर्ड क्षणात सापडतात आणि तेच गाणे दहा तऱ्हांनी वाजवून दाखवणारे दहा जण व्हिडिओवर हजर असतात. पूर्वी यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी कुणाची तरी पायरी चढावी लागे. त्यामुळे आज नवी गिटार हातात घेतलेल्या माणसापुढे, मग तो बारावी संपवलेला मुलगा असो की निवृत्तीला आलेला बँक अधिकारी, एक रास्त प्रश्न उभा राहतो: एवढे सगळे फुकट मिळत असताना आठवड्यातून एकदा एका माणसासमोर बसून पैसे का मोजायचे? याचे उत्तर शोधताना बहुतेक जण पैसा, वेळ आणि अंगात कला आहे की नाही, या तीन गोष्टी तोलतात. माझ्या मते या तिन्हींच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. माझे कुठे चुकते आहे, हे आत्ता कोण ऐकणार? नवशिक्याची अडचण बोटांची असते तेवढीच कानाचीही असते. जे चुकते आहे ते त्याला चुकल्यासारखे ऐकूच येत नाही. स्वतःचा कान तयार होईपर्यंत कुणाचा तरी तयार कान उसना घ्यावा लागतो, आणि खासगी शिकवणीची फी खऱ्या अर्थाने त्यासाठीच असते. गिटार कशी वाजवावी हे सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत. पुढची पाने त्याच्या आधीच्या निर्णयाविषयी आहेत, म्हणून हा मुद्दा इथे सविस्तर मांडतो.

एक उदाहरण जवळून पाहू. ई-मायनर, जी, सी, डी या कॉर्ड हाताला बसल्या की लवकरच एफ समोर येतो, आणि पुष्कळांची गिटार कपाटावर जाते ती या मुक्कामावर. एफच्या पूर्ण कॉर्डमध्ये डाव्या हाताची तर्जनी पहिल्या फ्रेटवर सहाही तारांवर आडवी टाकायची असते आणि उरलेली तीन बोटे दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटवर. आकृतीत हे सरळ दिसते. नवशिक्या तशी बोटे ठेवतो, तारा छेडतो, तर दोन तारा ठक्क वाजतात आणि एक नुसती झणझणते. जोर कमी पडला असेल असे धरून तो आणखी दाबतो. अंगठा नेकला आवळला जातो, मनगट मुडपते, खांदा वर चढतो आणि थोड्याच वेळात हात भरून येतो. व्हिडिओ पुन्हा लावला तर पलीकडचा माणूस तेच सांगतो: सराव करा, जमेल. हाच हात समोर बसलेल्या शिक्षकाला दिसला तर गोष्ट वेगळी होते. तर्जनी मऊ भागावर सपाट पडली आहे आणि तार सांध्याच्या घडीत शिरते आहे, हे त्याला बसल्या जागी दिसते. तो बोट किंचित कडेवर, हाडाच्या बाजूला वळवायला लावतो. मग आकृती कधीच सांगत नाही ते सांगतो: तिसरी, चौथी आणि पाचवी तार बाकीच्या बोटांनी दाबलेलीच आहे, तर्जनीने बोलते करायच्या त्या फक्त सहावी आणि पहिल्या दोन. सहा तारांचे ओझे निम्मे होते. तो कोपर अंगाजवळ आणायला सांगतो, म्हणजे दाब अंगठ्याच्या चिमटीऐवजी हाताच्या वजनातून येतो. तोच आकार आधी पाचव्या फ्रेटवर धरायला लावतो, कारण तिथे तार कमी ताकदीत दबते, आणि तिथून एकेक फ्रेट खाली आणतो. अनेकदा तर तो गिटार स्वतःच्या हातात घेऊन पहिला फ्रेट दाबून पाहतो आणि सांगतो की नटपाशी तारा फार उंच आहेत, आधी सेटअप करून घ्या. स्वस्त गिटारींमध्ये हा दोष सर्रास असतो. लाकडाचा दोष शिकणारा आपल्या बोटांच्या नावावर लिहीत असतो आणि आपल्याला हे जमण्यातले नाही असे ठरवून मोकळा होतो.

हा एफ मुद्दाम निवडला, कारण त्यातली प्रत्येक दुरुस्ती साधी आहे आणि लिहूनही ठेवता येते. अडचण ती माहिती मिळवण्याची नाही. आपल्याला सध्या नेमकी कोणती माहिती लागू पडते हे ओळखण्याची आहे. उजव्या हाताचेही हेच. कॉर्ड बदलताना डावा हात मागे पडला की नवशिक्याचा उजवा हात आपोआप थांबतो आणि डाव्याची वाट पाहतो. गाण्यात दर ओळीला एक खड्डा पडतो, पण वाजवणाऱ्याला तो जाणवत नाही, कारण त्याचे सगळे लक्ष पुढच्या कॉर्डवर असते आणि मनातले गाणे अखंड चालू असते. तो मनातले गाणे ऐकत असतो. समोरच्या माणसाला मात्र प्रत्यक्ष वाजलेले ऐकू येते. तो मेट्रोनोम 60 वर लावतो आणि सांगतो, कॉर्ड अर्धवट लागली तरी चालेल, उजवा हात थांबता कामा नये. स्वतःहून हा शोध लागायला कित्येकांना वर्षे लागतात, काहींना तो लागतच नाही.

याला अभ्यासाचा आधार आहे. टेक्सास विद्यापीठात रॉबर्ट ड्यूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 17 पियानोवादक विद्यार्थ्यांना शोस्ताकोविचच्या एका कॉन्चेर्टोतला छोटासा तुकडा बसवायला दिला. सगळे विद्यार्थी पुढच्या टप्प्यावरचे होते आणि सरावाला वेळेचे बंधन नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो तुकडा वाजवला आणि त्यांच्या वादनाची क्रमवारी लावली गेली. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की किती मिनिटे सराव केला किंवा तुकडा किती वेळा घोटला, याचा क्रमवारीशी मेळ बसत नव्हता. वरच्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यांचे वेगळेपण चुकीनंतरच्या वागण्यात होते. चूक झाली की ते तिथेच थांबत, नेमकी जागा शोधत, लय उतरवत आणि ती जागा बिनचूक होईपर्यंत पुढे सरकत नसत. इतर जण चुकीवरून पुढे जात. हे सगळे वर्षानुवर्षे शिकलेले वादक होते, चूक ऐकू येण्याइतका कान त्यांच्यापाशी होता, तरीही त्यातल्या बहुतेकांना ती धरून ठेवता आली नाही. ज्याला चूक ऐकूच येत नाही तो नवशिक्या एकट्याने हे कसे करणार? रोज अर्धा तास तो चूकच घोटतो आणि ती पक्की होते.

दहा हजार तासांचा जो नियम घराघरांत पोहोचला, त्याच्या मुळाशीही शिक्षक आहे. माल्कम ग्लॅडवेल यांच्या 2008 सालच्या पुस्तकाने हा आकडा लोकप्रिय केला. पण अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांच्या 1993 सालच्या ज्या शोधनिबंधावरून तो उचलला गेला, त्यात नुसत्या तासांची बात नव्हती. बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा तो अभ्यास होता. सराव कसा असावा याची त्यातली कल्पना अशी की शिक्षकाने त्या विद्यार्थ्यासाठी आखलेला आणि लगेच दुरुस्ती होणारा सराव. पुढे एरिक्सन यांनी स्वतःच तक्रार केली की लोकांनी तास लक्षात ठेवले आणि बाकीचे सोडून दिले. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला, तेव्हा संगीतात माणसामाणसातल्या कौशल्याच्या फरकापैकी सुमारे 21 टक्के फरकच अशा सरावाने उलगडला. म्हणजे शिक्षक मिळाला की कुणीही पट्टीचा वादक होईल, असे म्हणायला जागा नाही. माणसाची घडण, सुरुवातीचे वय, घरातले वातावरण असे पुष्कळ काही उरतेच. पण त्या उरलेल्या गोष्टी आपल्या हातात नसतात. सराव कसा करायचा एवढे हातात असते, आणि शिकवणीचा निर्णय त्याच भागाविषयी आहे.

शिक्षकाकडून कान घ्यायचा असतो, या म्हणण्याचा माझ्या दृष्टीने सर्वांत बळकट पुरावा आपल्याच देशातल्या गिटारचा आहे. ब्रिजभूषण काबरा यांनी हवाईयन गिटारवर रागसंगीत आणले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबतची त्यांची 1967 ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका आजही ऐकली जाते. त्यांचे गुरू अली अकबर खाँ, म्हणजे सरोदवादक. विश्वमोहन भट्ट यांनी गिटारला तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा घडवली आणि राय कूडर यांच्यासोबतच्या ध्वनिमुद्रिकेसाठी 1994 मध्ये ग्रॅमी मिळवले. त्यांचे गुरू रविशंकर, म्हणजे सतारवादक. गिटार कशी धरावी हे या गुरूंकडून मिळण्यासारखे नव्हतेच. ते तंत्र शिष्यांना स्वतः शोधावे लागले. तारेवर लोखंडी दांडी सरकवून मींड काढताना सूर नेमका कुठे थांबायला हवा, कोमल गंधार किंचित चढला तर रागाचे काय होते, हे मात्र समोर बसून ऐकणाऱ्या जाणत्या कानाशिवाय कळणारे नव्हते. हवाईयन गिटारीत फ्रेटचा आधार नसतो, त्यामुळे तिथे कानाला पर्याय नाही. आपल्या परंपरेत ज्याला तालीम म्हणतात तिचा गाभा हाच आहे: शिष्य गातो-वाजवतो, गुरू थांबवतात, शिष्य पुन्हा करतो. दाखवण्यापेक्षा थांबवण्याला तिथे जास्त वेळ जातो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: मोठमोठे गिटारवादक स्वयंभू होते, त्यांना कुठे शिक्षक होता? यादी खरीच मोठी आहे. आंद्रेस सेगोविया यांनी क्लासिकल गिटारला मैफलीच्या मंचावर प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि आपणच आपले गुरू आणि आपणच आपले शिष्य अशी त्यांची भूमिका होती. जँगो राइनहार्ट यांच्या दोन बोटांचे काम 1928 च्या आगीत जवळजवळ संपले आणि उरलेल्या बोटांवर त्यांनी नवी शैली उभी केली. वेस मॉन्टगोमेरी विशीच्या उंबरठ्यावर, संसाराला लागल्यावर गिटारकडे वळले आणि जॅझच्या इतिहासात जाऊन बसले. पण ही माणसे कशी शिकली ते पाहिले की स्वयंभू या शब्दाचा अर्थ आकुंचन पावतो. मॉन्टगोमेरी चार्ली ख्रिश्चन यांच्या ध्वनिमुद्रिका लावून एकेक सोलो जसाच्या तसा काढत. मूळ रेकॉर्ड आणि आपले वादन यांतला फरक शून्यावर येईपर्यंत ते घासत, आणि ते सोलो हुबेहूब वाजवतात म्हणूनच त्यांना क्लबात पहिले काम मिळाले. राइनहार्ट भटक्या रोमा समाजात वाढले. तिथे वाजवणारे चहूबाजूंनी होते आणि बेसूर वाजवले तर रात्रीच्या शेकोटीपाशी कुणी ऐकून घेणारे नव्हते. म्हणजे दुरुस्ती करणारा कान यांच्याजवळही होता. कुणाचा जन्मतः तीक्ष्ण होता, कुणाला तो भोवतालच्या माणसांकडून मिळाला. ज्याला रेकॉर्डमधला आणि आपला फरक पहिल्याच महिन्यात स्पष्ट ऐकू येतो, त्याने खुशाल एकट्याने शिकावे. अशी माणसे असतात. पण आपण त्यांच्यातले आहोत की नाही हे त्यांची चरित्रे वाचून ठरत नाही. आपले वादन मोबाइलवर मुद्रित करून मूळ गाण्याशेजारी ठेवून ऐकले की ठरते.

दुसरा आक्षेप आजचा आणि जास्त वजनदार आहे. एकट्याने शिकण्याची साधने आता पूर्वीसारखी तोकडी राहिलेली नाहीत. बर्ट वीडन यांचे ‘प्ले इन अ डे’ हे पातळसे पुस्तक 1957 मध्ये निघाले, आणि जॉर्ज हॅरिसन, एरिक क्लॅप्टन, ब्रायन मे यांच्या पिढीची सुरुवात त्यावर झाली. आज त्या पुस्तकाच्या शेकडो पट साधने फुकट आहेत. जस्टिन सँडरको यांनी 2003 मध्ये सुरू केलेले संकेतस्थळ तर इतके क्रमवार आणि जबाबदारीने रचलेले आहे की अनेक क्लासच्या अभ्यासक्रमापेक्षा ते सरस ठरेल. जो शिक्षक नुसत्या कॉर्डच्या आकृत्या काढून देतो आणि पुढच्या आठवड्यात करून आणा म्हणतो, त्याला फी देण्याचे आता काही कारण उरले नाही, हे मी मनापासून मान्य करतो. पण याच काळात फेंडर या गिटार बनवणाऱ्या मोठ्या कंपनीच्या प्रमुखांनी जाहीरपणे सांगितले होते की नव्याने गिटार घेणाऱ्यांपैकी सुमारे 90 टक्के लोक पहिल्या वर्षातच ती सोडून देतात. हा कंपनीचा स्वतःचा अंदाज आहे आणि तो मांडताना तिला शिकवणीचे अ‍ॅपही विकायचे होते, हे ध्यानात ठेवूनच तो आकडा घ्यावा. तरी रोख स्पष्ट आहे. माणसे सोडतात ती धडे कमी पडले म्हणून नव्हे. व्हिडिओ आपल्याला दिसतो, पण त्याला आपण दिसत नाही. स्वतःचे मुद्रण करून ऐकणे हा त्यावरचा चांगला उपाय आहे आणि शिकवणी लावा अथवा न लावा, तो प्रत्येकाने करावाच. लयीतले खड्डे त्यात लगेच सापडतात. पण खड्डा का पडतो, मनगटामुळे, पिक फार खोल शिरल्यामुळे की मुळात गाणेच आवाक्याबाहेरचे निवडल्यामुळे, हे मुद्रण सांगत नाही. दुखण्याचेही तसेच. बोटांची टोके दुखणे स्वाभाविक आहे, काही आठवड्यांत घट्टे पडतात आणि ते थांबते. मनगट किंवा कोपरापर्यंतचा हात दुखणे स्वाभाविक नाही. नवशिक्या दोन्ही वेदना एकाच निश्चयाने सोसतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो: शिक्षक आपली छाप पाडतो आणि शिकणाऱ्याचे स्वतःचे काही उरू देत नाही. सेगोवियांचेच उदाहरण इथे उलट बाजूने येते. त्यांच्याकडे शिकलेले जॉन विल्यम्स पुढे स्वतः थोर वादक झाले, आणि सेगोवियांच्या शिकवण्यात विद्यार्थ्याने आपली नक्कल करावी अशी अपेक्षा असे, हे त्यांनी उघडपणे सांगितले. थोर कलावंतापाशी हे होते, तर गल्लीतल्या क्लासात होणारच. यात परीक्षांची भर पडते. ट्रिनिटी किंवा रॉकस्कूलच्या ग्रेड परीक्षांनी अनेकांना शिस्त लावली, वाचन शिकवले, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. पण तीन ठरावीक रचना वर्षभर घोटून प्रमाणपत्र मिळवलेल्या मुलाला घरच्या गाण्याच्या बैठकीत साधी साथ करता येत नाही, हेही सर्रास दिसते. माझे उत्तर असे की हा धोका शिकवणी अनिश्चित काळ चालू ठेवण्याचा आहे. उसनी वस्तू परत करायची असते. स्वतःची चूक स्वतःला ऐकू येऊ लागली, शिक्षक तोंड उघडण्याआधी हात आपणहून थांबू लागला, की त्या टप्प्यापुरती शिकवणी संपवावी. चांगला शिक्षक हे स्वतः सांगतो. विद्यार्थ्याला कायम आपल्यावर अवलंबून ठेवणारा शिक्षक कितीही गुणी असला तरी तो वाद्यही शिकवत नाही आणि कानही देत नाही.

खासगी शिकवणीलाच हे श्रेय का, सामूहिक वर्गात काय कमी आहे, असेही विचारले जाईल. महाराष्ट्राने आणि गोव्याने हा प्रश्न फार पूर्वी आपल्या परीने सोडवला आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि एका गुरूसमोर एक शिष्य ही चौकट मोडून वर्ग, अभ्यासक्रम आणि परीक्षा आणल्या. त्यामुळे गाणे मध्यमवर्गीय घरांत शिरले. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना एकत्र बसवून सुरांचे वाचन आणि व्हायोलिन शिकवले जाई. त्या शिक्षणातून आलेल्या वादकांनी पुढे मुंबईच्या सिनेसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस या गोमंतकीय वादकाकडे. तेव्हा वर्गात शिकून काही होत नाही, असे कुणी म्हणू नये. इतरांबरोबर एका लयीत वाजवणे, दुसऱ्याचे ऐकत आपले सांभाळणे, हे वर्गातच जास्त चांगले येते आणि एकट्या शिकवणीत हे अंग लंगडे राहते. पण गोव्यातला तो विद्यार्थी रोज शिकत होता आणि त्याच्या भोवती वाजवणारे मोठे लोक होते. आठवड्यातून एकदा दहा जणांच्या गिटार क्लासात तासाभरात प्रत्येकाच्या वाट्याला सहा मिनिटे येतात, आणि त्यातही चार सुरात लावण्यात जातात. ज्याच्या घरात, शेजारात किंवा मित्रांत कुणी जाणते वाजवणारे आहे त्याला वर्ग पुरतो. ज्याच्या भोवती कुणीच नाही त्याने निदान सुरुवातीला एकट्याची शिकवणी घ्यावी.

राहता राहिला पैसा. ही अडचण खरी आहे आणि ती मनाच्या तयारीने सुटत नाही. पण दर आठवड्याची शिकवणी वर्षानुवर्षे, असाच हिशोब का धरावा? माझा आग्रह पहिल्या तीन महिन्यांचा आहे, म्हणजे साधारण बारा तासिकांचा. बैठक, दोन्ही हातांची ठेवण, लय आणि स्वतः सराव कसा करायचा ही चार कामे तेवढ्यात मार्गी लागतात, आणि सगळ्यात घट्ट बसणाऱ्या वाईट सवयी याच काळातल्या असतात. ज्याला बारा तासिकाही परवडत नाहीत त्याने महागड्या गिटारचा मोह सोडून साधी घ्यावी, तिचा सेटअप नीट करून घ्यावा आणि वाचलेल्या पैशात चार तासिका पंधरा दिवसांच्या अंतराने घ्याव्यात. त्यानंतर एकट्याने जावे आणि अडल्यावर परत यावे. परत येण्यात कमीपणा नाही. रँडी र्‍होड्स यांच्या घरी आईची संगीतशाळा होती आणि तिथे ते स्वतः शिकवत. जगभर नाव झाल्यावरही दौऱ्यात ज्या गावी मुक्काम असेल तिथे क्लासिकल गिटारचा शिक्षक शोधून ते तासिका घेत. गावात शिक्षक नसेल, किंवा परदेशी राहून मराठी बोलणारा शिक्षक हवा असेल, तर व्हिडिओ कॉलवरची शिकवणीही चालते. फक्त दोन गोष्टी माहीत असाव्यात. आवाज पोहोचायला लागणाऱ्या उशिरामुळे दोघांना एकत्र वाजवता येत नाही. आणि अशी अ‍ॅप लांबलेल्या सुराला गोंगाट समजून दाबतात, म्हणून मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याची सोय सेटिंगमध्ये आधी चालू करावी लागते. हे न केल्यास शिक्षकाला आपण तोडून वाजवतो असे वाटते, आणि मग उसना घेतलेला कानही फसतो.

मुलांच्या बाबतीत वरचे सगळे खरे असले तरी क्रम बदलतो. इंग्लंडमध्ये जेन डेव्हिडसन, मायकेल हाउ, जॉन स्लोबोडा आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात 257 मुलांचा अभ्यास केला. पुढे टिकून चांगली वाजवू लागलेल्या मुलांना आपले पहिले शिक्षक प्रेमळ आणि मजेदार वाटलेले होते. शिक्षकाची विद्वत्ता महत्त्वाची ठरली ती पुढच्या वयात. लहान मुलासाठी शिक्षक शोधताना पालक पदव्या आणि निकाल विचारतात. मूल तासाहून परतल्यावर आपणहून गिटार हातात घेते का, हे त्यांनी आधी पाहावे. आणि त्याच्या मापाची, अर्ध्या किंवा पाऊण आकाराची गिटार घ्यावी. मोठ्या गिटारवर लहान हाताची जी ओढाताण होते ती कोणत्याही शिक्षकाला सुधारता येत नाही.

शिक्षक कसा ओळखावा हे पुढे विस्ताराने आलेच आहे, इथे एवढेच सांगतो. पहिल्या भेटीला जाताना आपली स्वतःची गिटार न्या आणि जे काही मोडकेतोडके येते ते वाजवून दाखवा. ऐकून होताच शिक्षकाने स्वतःची गिटार उचलून आपली करामत दाखवायला सुरुवात केली, तर नमस्कार करून निघा. त्याने तुम्हाला तेच पुन्हा, जरा सावकाश वाजवायला सांगितले, तुमच्या हाताकडे पाहिले आणि एकच गोष्ट बदलायला लावली, आणि ती बदलल्यावर तुम्हाला स्वतःला फरक ऐकू आला, तर तीन महिन्यांची फी भरा.